तीन जोड वाढवायला सांगितले, एजंटने साठाच तीन केला: टूलचं वर्णन कसं लिहावं?

पायताणकट्टा (कोल्हापूर)
आमचं कोल्हापुरी चपलांचं दुकान आहे. माल स्वतःच्या वेबसाइटवर आणि दोन मार्केटप्लेसवर लावतो. लिस्टिंगचं काम दिवाळीपासून एआय एजंटकडे दिलंय, त्याची टूल्स (साठा बदलणं, लिस्टिंग शोधणं अशी कामं करणारे छोटे प्रोग्रॅम) एमसीपी सर्व्हरवर आहेत; एमसीपी म्हणजे एजंटला टूल्स जोडून द्यायची ठरलेली पद्धत. परवा त्याला कापशी प्रकारच्या चपलांबद्दल सांगितलं, 'कापशी, आठ नंबर, तीन जोड आले, लाव.' आधीचे अकरा होते, म्हणजे चौदा व्हायला पाहिजेत. त्यानं सरळ तीन करून ठेवले. टूलचं वर्णन एवढंच आहे: 'अपडेट स्टॉक: प्रॉडक्टचा स्टॉक अपडेट करते.' मॉडेल बदलून बघितलं, तरी तेच. वर्णनात नेमकं काय लिहायचं असतं? मराठीत लिहिलं तर चालतं का?

बारकोडवाला
मॉडेल बदलून फरक पडणार नाही. टूलचा कोड त्याला दिसत नाही. दिसतं ते नाव, वर्णन आणि पॅरामीटर्सचा स्कीमा, म्हणजे टूलला कोणती माहिती कशा रूपात द्यायची त्याचा आराखडा. दिलेला आकडा जुन्यात मिळवायचा की जुन्याच्या जागी बसवायचा, हे त्या एका ओळीवरून कुणालाच कळणार नाही.

चौथा_मजला (पुणे)
मी रोज हेच काम करते, विक्रेत्यांच्या कॅटलॉगसाठी टूल्स लिहायची आणि एजंट कुठे अडतो ते लॉगमध्ये (त्याच्या कामाच्या नोंदींत) शोधायचं. तुमचं हे एक टूल नाही, दोन आहेत. मोजणी करून एकूण आकडा बसवणं वेगळं, आलेला माल आधीच्या साठ्यात मिळवणं वेगळं. ऑनलाइन दुकानं चालवणाऱ्या शॉपिफायच्या एपीआयमध्येही (प्रोग्रॅममधून कामं करून घ्यायच्या जोडणीत) ही दोन कामं वेगळी ठेवली आहेत. दुसऱ्याचं वर्णन मी असं लिहीन:

'स्टॉक भर-घट: आत्ताच्या साठ्यात दिलेला फरक मिळवते. 3 म्हणजे तीन जोड वाढले, -1 म्हणजे एक जोड कमी झाला. एकक जोड आहे, डावी-उजवी मिळून 1. नवा माल आला किंवा दुकानातून रोखीने विकला गेला की वापरा. मोजणीनंतर एकूण आकडा टाकायचा असेल तर "स्टॉक बसव" वापरा. ऑनलाइन ऑर्डरसाठी वापरू नका, तिथे साठा आपोआप कमी होतो. एसकेयू (मालाचा कोड) "लिस्टिंग शोध"मधूनच घ्या, अंदाजाने बनवू नका. पुन्हा चालवलं तर पुन्हा मिळवलं जातं. उत्तर आलं नाही तर आधी साठा वाचा. जुना आणि नवा साठा परत देते.'

लांबलचक वाटेल, पण यातलं एकेक वाक्य टूलचा एकेक चुकीचा कॉल, म्हणजे वापर, अडवतं. 'कधी वापरू नका' हे तर कधीच गाळू नका. लोक टूल काय करतं ते हौसेने लिहितात आणि शेजारच्या टूलपासून ते वेगळं कसं, हे सांगायचं राहून जातं.

जे पाठवलं नाही त्याचं काय होतं, तेही लिहा. शॉपिफायच्या 'प्रॉडक्टसेट' या कॉलला व्हेरियंटची (एकाच मालाच्या वेगवेगळ्या मापा-रंगांची) यादी दिली की यादीत नसलेले व्हेरियंट काढून टाकले जातात. ईबेच्या इन्व्हेंटरी एपीआयमध्येही आयटम बदलताना पूर्ण रेकॉर्ड पाठवावं लागतं. एजंटला फक्त आठ नंबरची किंमत बदलायची असते, म्हणून तो तेवढाच आठ नंबर पाठवतो आणि सात-नऊ गायब होतात! माणूस इथे थांबून विचारेल, पण मॉडेलही विचारेल असं धरून चालू नका.

मापाचा रकाना मोकळा ठेवू नका. यूकेचा 8 युरोपात साधारण 42 होतो, म्हणून मान्य मापांची यादीच द्या. रकमेचंही तेच. ऑनलाइन पेमेंटचं रेझरपे रक्कम पैशांत घेतं, शॉपिफायवर भारतीय दुकानाची किंमत रुपयांत जाते. पॅरामीटरच्या नावातच 'रुपये' किंवा 'पैसे' असू द्या.

मराठीत चालतं. फक्त कापशी, पुकरी, बक्कलनाळी ही नावं डेटाबेसमध्ये जशी आहेत, अगदी तशीच वर्णनात हवीत.

पायताणकट्टा
लई उपयोगी, ताई. आजच टूलचे दोन भाग करतो. पण परत आलेल्या जोडाचं काय? तो पण 'भर'च ना?

चौथा_मजला
नाही. परत आलेला जोड घालून बघितलेला असतो, तळ घासलेला असू शकतो. त्याला 'परत माल नोंद' असं वेगळं टूल करा आणि वर्णनात लिहा: 'विक्रीचा साठा वाढवत नाही, तपासणीनंतर माणूस वाढवतो.' मग तुमच्या व्हॉट्सअॅपवरचे खरे निरोप एजंटला द्या, 'कापशीतला एक जोड परत आला, बघ जरा' असले अर्धवटच. टेस्ट सर्व्हरवर तो कोणतं टूल उचलतो ते बघा. दोन टूल्समध्ये घोटाळला तर दोन्हींची वर्णनं शेजारी ठेवून दुरुस्त करा.

बारकोडवाला
किमतीची मर्यादा मात्र वर्णनावर सोडू नका, कोडमध्येच घाला. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या जोडावर 5 टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग जोडावर 18. एजंटने 2,450 चे 2,550 केले की कराचा दरच बदलला. 'मालकाला विचारा' हे वर्णनातलं वाक्य विनंतीच असते. एमसीपीतली 'डिस्ट्रक्टिव्ह हिंट' (हे टूल आधीचा डेटा बिघडवू शकतं अशी खूण) हीसुद्धा फक्त सूचना आहे, कुलूप नाही. आणि अडवताना नुसतं 'एरर 400' (विनंती चुकीची, एवढंच सांगणारा कोड) नको. 'किंमत 2,500 च्या वर जाते, जीएसटी दर बदलेल, मालकाची मंजुरी घेऊन पुन्हा पाठवा' असं परत द्या, म्हणजे एजंट तोच कॉल पुन्हा पुन्हा मारत बसणार नाही.