मदत हवी आहे: संस्थेच्या पेजवर लाईक येतात, पैसे येत नाहीत

बालाघाटी
आमच्या संस्थेचं फेसबुक पेज आहे. पोस्ट टाकली की लाईक पडतात, 'सलाम तुमच्या कार्याला' म्हणून लोक हात जोडतात, पुढं काही नाही. पैसे देऊन बूस्ट केलं, तर नुसते लाईक वाढले. दिवाळीनंतर खर्च अंगावर येणार, त्याआधी काहीतरी हललं पाहिजे. नेमकं काय करायचं ते सांगा. 'सातत्य ठेवा' वगैरे नको, ते यूट्यूबवर ऐकून झालंय.

सांजवेळ
कुठली संस्था? काय काम करता? नोंदणी आहे का? पैसे किती लागतात? आणि दिवाळीनंतरच खर्च का?

तिरफळ
रील करा, रील. फेसबुकवर आता फक्त काका लोक उरलेत. आमचा ग्रुप भटक्या कुत्र्यांचं काम करतो. एका लंगड्या पिल्लाच्या रीलवर महिन्याचं खाद्य निघालं. सुरुवातीलाच चेहरा दिसला पाहिजे, डोळे दिसले तर उत्तम. आणि गाणं चालू ट्रेंडमधलं लावा.

जुनी_पेठ
काका लोक उरलेत ना, मग चेकही तेच फाडतात. 'लोकसत्ता' गणपतीत 'सर्वकार्येषु सर्वदा'मध्ये संस्थांची ओळख छापतो. ना रील, ना गाणं. सविस्तर मजकूर आणि चेक कोणाच्या नावे काढायचा ते. लोक पाठवतात.

तिरफळ
काका, ते पेपरच्या नावावर येतात. बालाघाटींच्या पेजमागे पेपर नाही.

बालाघाटी
बीड जिल्हा, पाटोद्याकडं. दिवाळीनंतर म्हणजे साखर कारखाने सुरू झाल्यावर, अजून काय? कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, गेले की गावात म्हातारी माणसं आन् पोरं. आम्ही संध्याकाळी अभ्यास घेतो आणि जेवू घालतो. ट्रस्ट नोंदलेला आहे, ८० जी (देणाऱ्याला करात वजावट) पण आहे. आता सांगा.

मुक्ता
हे तुमच्या पेजवर तरी लिहिलंय का? मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवरा-बायको दोघं पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडावर जातात, गाळप संपेपर्यंत परत येत नाहीत, पोरं आजीकडे राहतात. तुम्ही जन्मापासून बघता म्हणून तुम्हाला सांगावंसं वाटत नाही. ठाण्यातल्या माणसाला 'आज ४५ मुलांनी भोजनाचा लाभ घेतला' एवढंच वाचायला मिळालं तर तो लाईकच देणार.

अरभाट
सरकारची हंगामी वसतिगृहं आहेत की या मुलांसाठी. तुम्ही कशाला?

बालाघाटी
आहेत. सगळ्या गावात नाहीत. ज्या गावात नाहीत तिथं आम्ही. माझा प्रश्न पेजचा आहे.

तिरफळ
मग मुलगी एकटी आजीबरोबर चुलीपाशी बसलीय असा व्हिडिओ घ्या. आईला फोन लावते, आई फडावरून बोलते. बघणारा रडला पाहिजे.

मुक्ता
अजिबात नको. ती मुलगी उद्या त्याच शाळेत बसणार आहे. वर्गातल्या पोरांच्या घरी मोबाईल नाहीत असं वाटतं का? शिवाय आई-बाप घरी नाहीत हे नाव-गावासकट जाहीर करणं धोक्याचं आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करता येत नाही, शिक्षा आहे त्याला.

अरभाट
ही मुलं आजीकडे आहेत. त्या व्याख्येत सरसकट कशी येतील? कायदा सोयीने वाकवू नका.

मुक्ता
व्याख्येचा वाद तुम्ही घाला. मी पाठमोरे फोटो, वह्या, भाकरी थापणारे हात एवढंच वापरीन.

तिरफळ
पाठमोऱ्या फोटोंवर कोणी थांबत नाही हो. अमेरिकेत २०१४ ला आइस बकेट चॅलेंज झालं, डोक्यावर बर्फाचं पाणी. एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी काम करणाऱ्या एएलएस असोसिएशनला साडेअकरा कोटी डॉलर मिळाले. तमाशा लागतोच.

सांजवेळ
ते उदाहरण माझ्या बाजूचं आहे, पैसे ओळखीतून येतात. ते चॅलेंज एएलएसकडे वळलं आणि पसरलं ते पॅट क्विन आणि पीट फ्रेट्समुळे. दोघंही स्वतः त्या आजाराचे रुग्ण. आधी त्यांच्या ओळखीच्यांनी बादल्या ओतल्या, सेलिब्रिटी मागून आले. संस्थेच्या ऑफिसात कोणी ठरवून केलेलं नव्हतं ते.

आमचं रुग्णोपयोगी साहित्य केंद्र आहे. व्हीलचेअर, कॉट, वॉकर अनामत घेऊन देतो. पेजवर अनोळखी माणसं लाईक देतात, पैसे मात्र ज्यांच्या घरी आमची कॉट गेली होती त्यांच्याकडून येतात, किंवा त्यांनी ज्यांना सांगितलं त्यांच्याकडून. म्हणून मी तुमच्या जागी असते तर पेज चार दिवस बाजूला ठेवून जुनी पावतीपुस्तकं काढली असती. मागे ज्यांनी कधीही काही दिलंय त्यांचे नंबर लिहून काढा. आधी फोन करा, मग व्हॉट्सअ‍ॅप. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ नंबर बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. म्हणून फोनवरच सांगायचं, 'नंबर संस्थेच्या नावाने सेव्ह करून ठेवा'. आणि मागताना 'सढळ हस्ते मदत करा' लिहू नका. एका मुलाच्या एका महिन्याच्या जेवणाला किती लागतात तो आकडा लिहा. महिना संपला की किराण्याच्या बिलाचा फोटो त्याच लोकांना पाठवा, न मागता. पुढच्या वर्षी मागायला फार बोलावं लागत नाही.

बालाघाटी
हे पटतंय. पण नवीन लोक कसे येणार?

सांजवेळ
जुन्यांना सांगा, मेसेज पुढे पाठवताना वर स्वतःची एक ओळ लिहा. 'मी यांना ओळखतो' एवढी पुरते. पेज त्यानंतर कामाला येतं. मेसेज मिळालेला माणूस खात्री करायला पेज उघडतो. तिथे पत्ता, फोन, नोंदणी क्रमांक, ट्रस्टच्या खात्याचा क्यूआर दिसला पाहिजे. तुमच्या पेजवर क्यूआर आहे ना? स्कॅन केल्यावर नाव ट्रस्टचं येतं ना?

हिशेबनीस
८० जी चा विषय निघालाय म्हणून. रोख २,००० च्या वर घेतली तर देणाऱ्याला वजावट नाही. दरवर्षी ३१ मेपर्यंत फॉर्म १० बीडी (आलेल्या देणग्यांचं विवरण) भरा, मग देणाऱ्याला १० बीईचं प्रमाणपत्र मिळतं. त्यासाठी पॅन लागतो, तो पैसे येतील तेव्हाच मागून घ्या, मे महिन्यात शोधत बसू नका. आणि पोस्टमध्ये 'करात सूट' असं मोठ्या अक्षरात लिहू नका. नव्या करप्रणालीत ती वजावट नाही, माणसं नंतर भांडतात.

वेबगुरू
गूगल अ‍ॅड ग्रँट्स घ्या! पात्र संस्थांना महिन्याला १०,००० डॉलरपर्यंत सर्चच्या जाहिराती फुकट. कोणी घेतच नाही.

मुक्ता
त्याला स्वतःची वेबसाइट लागते. बालाघाटी, आहे का?

बालाघाटी
वेबसाइट नाही. क्यूआरबद्दल: खातं ट्रस्टचंच आहे, क्यूआर पण आहे, ऑफिसात चिकटवलेला. पेजवर नाही. पेज ज्या पोरानं बनवलं तो पुण्याला नोकरीला गेला. तोच कधीमधी पोस्ट टाकतो. पासवर्ड त्याच्याकडं.

सांजवेळ
हे विसाव्या प्रतिसादाला सांगताय होय!

वेबगुरू
पासवर्ड मागू नका. ते पेज त्याच्या स्वतःच्या प्रोफाइलला जोडलेलं असणार. त्याला सांगा, पेजच्या सेटिंगमध्ये जाऊन ट्रस्टच्या दोन विश्वस्तांना पूर्ण ताबा दे. दोघांना, एकाला नाही. पाच मिनिटांचं काम आहे, पण तो उत्तर देतोय तोवर करून घ्या. त्याचं अकाउंट बंद पडलं तर फेसबुकशी झगडत बसाल.

जुनी_पेठ
पैसेच का मागता? ज्वारी मागा, डाळ मागा. आमच्या मंडळाने एकदा पोती भरून पाठवली होती.

बालाघाटी
काका, ठाण्याहून पोतं आणायला टेम्पोचं भाडं ज्वारीपेक्षा जास्त होतं. ज्वारी इथंच मिळते.

डॅलसकर
मी मूळचा केजचा, बीड जिल्ह्यातलाच. आता अमेरिकेत. पाच मुलांचा हंगामाचा खर्च देतो. झेल (इथली पैसे पाठवायची सोय) करता येणार नाही, खाते क्रमांक पाठवा.

हिशेबनीस
थांबा! पासपोर्ट कुठला?

डॅलसकर
अमेरिकन. ओसीआय (परदेशस्थ भारतीयाचं कार्ड) आहे. फरक पडतो?

हिशेबनीस
पडतो. भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले चालतात. ओसीआय असलात तरी तुम्ही परदेशी नागरिक, म्हणजे एफसीआरए, परदेशी देणग्यांचा कायदा. त्यासाठी वेगळी नोंदणी लागते, आणि पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात घेता येतात. बालाघाटी, ती नोंदणी नसेल तर पैसे घेऊ नका. भावाच्या खात्यातून फिरवूनही नको.

डॅलसकर
केजच्या माणसाला पाटोद्याला डाळ घालता येत नाही. छान.

मुक्ता
तुमच्या शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेल ना? बरेचसे वर्गमित्र भारतातच असतील. तिथे एक मेसेज टाका, त्यांनी स्वतःच्या इच्छेने आणि स्वतःच्या खिशातून द्यायचं.

डॅलसकर
टाकतो. मजकूर पाठवा कोणीतरी.

बालाघाटी
पोराला फोन लावला. रात्री करतो म्हणाला. मजकूर मुक्ताताई लिहून देतील का? हिशेब काढून आकडा उद्या टाकतो.

मुक्ता
देते. आकड्यात गॅस आणि स्वयंपाकाच्या मावशींचा पगार धरा, नाहीतर मार्चमध्ये परत धागा काढाल.

गोधन
आमची गोशाळा आहे सातारा जिल्ह्यात. आमच्याही पेजला लाईक येतात पण

सांजवेळ
वेगळा धागा काढा. आणि नोंदणी, ८० जी, क्यूआर, पासवर्ड कोणाकडे, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.