गॅलरीतील शिव्या आणि पुढच्या पायरीवरचे पोर

रंकाळाकाठची (प्रश्न)

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि गेल्या जूनपासून तो रोज सकाळी फुटबॉलच्या सरावाला जातो. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव आपल्या कोल्हापूरचा, हे प्रशिक्षकांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितले, त्यामुळे आमच्या कपाटाच्या दारावर देवाच्या कॅलेंडरशेजारी आता त्याचेही छायाचित्र लागले आहे. शाहू स्टेडियमवर नेऊन पेठांचा खरा सामना दाखव, असा त्याने हट्ट धरला होता. त्याच्या वडिलांना रविवारीही कारखान्यात पाळी असते, म्हणून शेवटी मीच त्याला घेऊन गेले.

सामना चारचा होता, आम्ही तीनलाच जागा धरली. पायऱ्या उन्हाने तापल्या होत्या. मागच्या पायरीवर पंचेचाळिशीचे एक गृहस्थ बसले होते. पोर चुळबुळ करते आहे हे पाहून त्यांनी स्वतःच्या बुडाखालचा पेपर काढून त्याला दिला, आपण तापल्या पायरीवर बसले, भडंगाची पुडी त्याच्यापुढे धरली आणि कोणाचा डावा पाय चांगला आहे, कोण 'डी'च्या, म्हणजे गोलपुढच्या चौकटीच्या, बाहेरून मारतो, हे सामना सुरू होईपर्यंत त्याला एखाद्या सख्ख्या मामासारखे समजावून सांगितले. पुढे दहा-बारा मिनिटांतच सहायक पंचाचा झेंडा ऑफसाइडसाठी वर गेला आणि याच गृहस्थांनी उभे राहून त्या पंचाच्या आईविषयी जे काही म्हटले, ते मला इथे लिहिता येणार नाही. त्यानंतर सामना संपेपर्यंत तेच चालले होते. ते एकटे नव्हते. आजूबाजूचे तीस-चाळीस जण त्या शब्दांवर टाळ्यांचा ठेका धरत होते. मुलाने एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिले, आणि काय करावे हे न सुचून मी त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो जिन्याखाली धाकट्या बहिणीबरोबर मोज्यांच्या चेंडूने खेळत होता. तिच्या पायातून चेंडू निसटला तेव्हा तो तिच्यावर ओरडला. शिवीच्या जागी त्याने 'दप्तर' हा शब्द घातला होता, म्हणजे मूळ शब्द वाईट आहे एवढे त्याला कळले होते. परंतु आवाजाचा चढ आणि शेवटचा हेल हुबेहूब त्या गृहस्थांचा होता.

पुढच्या रविवारी उपांत्य सामना आहे. मुलाला न्यावे की नाही, नेले तर कुठे बसावे, आणि एका अनोळखी बाईने अशा माणसाला काही सांगितले तर तो ऐकून घेतो का, हे नेहमी जाणाऱ्यांनी कृपया सांगावे. 'त्यात काय, कोल्हापूरची भाषाच अशी', हे उत्तर मला सासरी, माहेरी आणि शेजारी मिळून झाले आहे.

जुना गॅलरीवाला

ताई, चाळीसहून अधिक हंगाम मी त्या पायऱ्यांवर काढले आहेत आणि तरुणपणी मीही तोंड भरून शिव्या दिल्या आहेत, हे आधीच कबूल करतो, नाहीतर माझ्या ओळखीचे कोणी तरी खाली येऊन ते सांगेलच.

'कोल्हापूरची भाषाच अशी' हे अर्धे खरे आहे आणि त्या अर्ध्यावरच सगळे भागवले जाते. मिरजकर तिकटीला चहा पिताना दोन मित्र एकमेकांना शिवी घालून हाक मारतात, तेव्हा देणारा आणि घेणारा दोघेही हसत असतात, आणि घेणाऱ्याला तिथल्या तिथे परतफेड करता येते. गॅलरीतली शिवी ज्याला बसते त्याला उलट बोलता येत नाही, कारण तो झेंडा घेऊन रेषेवर उभा असतो. या दोन शिव्यांचे शब्द सारखे आहेत म्हणून त्या एकच आहेत असे मानणे हा आपला आळस आहे. बोंब मारायची मोकळीक आपल्याकडे शिमग्याला आहेच, पण शिमगा सरला की कोणी बोंबलत फिरले तर लोक त्याच्याकडे वळून बघतात. आपला फुटबॉलचा शिमगा मात्र थंडीत सुरू होतो आणि उन्हाळा तापला तरी सरत नाही.

आता मुद्द्याचे. आपल्या संघांची नावे पाहा: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. तालीम म्हणजे लाल माती, आणि मातीबरोबर वस्ताद आला. वस्तादासमोर कोणी तोंड सैल सोडत नसे, कारण संध्याकाळी पुन्हा त्याच्याच पुढ्यात लंगोट लावून उभे राहायचे असे. चेंडू तालमीत आला, वस्ताद मात्र गॅलरीत आला नाही. तरीही एक गोष्ट अजून शिल्लक आहे. तुम्हाला जे गृहस्थ अनोळखी वाटले ते त्या गॅलरीत कोणालाच अनोळखी नाहीत. ते कोणत्या गल्लीत राहतात, त्यांचा मुलगा कोणत्या शाळेत आहे, गणपतीत त्यांच्याकडे कोणते काम असते, हे त्यांच्या मागेपुढे बसलेल्या पन्नास जणांना ठाऊक असते. शहरातल्या बसमधल्या शिवीसारखी ही शिवी बेवारस नसते, तिला घर आणि पत्ता असतो.

म्हणून माझा सल्ला असा की त्यांना जरूर सांगा, पण शिट्टीच्या आधी. एकदा खेळ सुरू झाला की ते तुमचे ऐकणार नाहीत, मीही ऐकले नसते. आणि सांगताना 'शिव्या देऊ नका' म्हणू नका, पोर पुढे बसले आहे एवढेच म्हणा. बसायला हलगी आणि मोठे झेंडे जिथे असतात तिथून लांबची कडेची जागा धरा. सरावाची मुले घेऊन येणारे प्रशिक्षक बहुधा तिकडेच असतात.

रेषेवरचा

वर ज्यांच्या आईचा उल्लेख झाला त्यांच्यापैकी मी एक आहे, म्हणजे स्थानिक सामन्यांत सहायक पंच म्हणून काम करतो. त्या दिवशी मी नव्हतो, परंतु असतो तरी फरक पडला नसता.

प्रेक्षकांचा असा समज असतो की गोंगाटात आम्हाला काही ऐकू येत नाही. चेंडू चालू असताना ते खरे आहे, कारण सगळ्या आवाजांचा मिळून एकच लोंढा होतो. पण थ्रो-इनच्या आधी खेळाडू चेंडू हातात घेऊन उभा राहतो, त्या दोन-तीन सेकंदांत एकेक शब्द सुटा ऐकू येतो. काही माणसे मी पाठमोरा उभा राहून केवळ आवाजावरून ओळखतो. त्यांच्यापैकी एक जण सकाळी दूध घेताना भेटतात आणि 'काय सर, बरं आहे ना?' असे अगदी अदबीने विचारतात. त्यांच्या मनात काही नसते हे मला समजते, आणि त्याचाच मला अधिक त्रास होतो.

नियमांविषयी थोडे. खेळाच्या बाराव्या नियमानुसार अपमानकारक किंवा शिवीगाळीच्या भाषेला थेट लाल कार्ड आहे, पण ते खेळाडू, राखीव खेळाडू आणि संघाचे पदाधिकारी यांना. गॅलरीला दाखवायचे कार्ड आमच्या खिशात नसते. पाचव्या नियमाने मुख्य पंचाला बाहेरच्या व्यत्ययासाठी सामना थांबवण्याचा किंवा सोडून देण्याचा अधिकार दिला आहे. तो बाटल्या मैदानात पडल्या तर वापरला जातो. शब्दांसाठी तो वापरलेला मी पाहिलेला नाही, आणि उपांत्य सामना शब्दांसाठी थांबवायला मीही धजावणार नाही.

एकदा माझी मुलगी तिच्या आजोबांबरोबर सामना पाहायला आली होती. तेव्हा ती सात वर्षांची होती. रात्री जेवताना तिने मला विचारले, 'बाबा, आजीनं काय केलंय?' मला आधी प्रश्नच कळला नाही. माझे वडील ताटावरून उठून हात धुवायला गेले. त्यानंतर तिला मी आणलेले नाही.

पेठेचा पाईक

आपणा सर्वांविषयी आदर ठेवून लिहितो. फुटबॉल कोल्हापुरात ईर्ष्येवर जगला आहे. वर्गणी, नवा गणवेश, बाहेरून आणलेला खेळाडू, रात्र रात्र जागून रंगवलेले फलक, हे सगळे ईर्ष्येतून येते. ती ज्यांना सोसत नाही त्यांनी मुलांना घरी मोबाईलवर सामना दाखवावा. नाट्यगृहातल्यासारखी शांतता स्टेडियमवर मागू नये.

कलम

शांतता कोणीच मागितलेली नाही. कायद्याचा प्रश्न कोणीतरी काढणारच, म्हणून सांगून टाकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ नुसार सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल अशा रीतीने अश्लील शब्द उच्चारणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मात्र प्रत्येक शिवी ही कायद्याच्या अर्थाने अश्लील ठरतेच असे नाही, असेही न्यायालयांनी म्हटले आहे. तेव्हा भरल्या गॅलरीतून पोलिसाने नेमके कोणाला उचलायचे, याचे उत्तर या कलमात शोधू नये.

मला अधिक उपयोगी वाटते ते नेवासे तालुक्यातील सौंदाळा गावाचे उदाहरण. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या ग्रामसभेने आईबहिणींवरून शिव्या देणाऱ्याला ५०० रुपये दंड करण्याचा ठराव केला. तो लागू करता येण्यासारखा आहे, कारण गावात कोण बोलले हे सगळ्यांना माहीत असते. वर म्हटल्याप्रमाणे आपल्या पेठेतही ते माहीतच असते.

रात्रीचे सामने

पाईक, मुले घरी ठेवली म्हणून गॅलरी सुधारत नाही हे खरे, पण ती नुसती आणली म्हणूनही सुधारत नाही. इटलीत डिसेंबर २०१३ मध्ये युव्हेंटस या क्लबच्या समर्थकांची गॅलरी त्यांच्या घोषणांमुळे शिक्षा म्हणून बंद ठेवली होती, तेव्हा उदिनेसेविरुद्धच्या सामन्याला तिथे सुमारे बारा हजार मुले बसवली. कल्पना गोड होती. प्रत्यक्षात उदिनेसेचा गोलरक्षक चेंडू मारायला आला की ती मुले मोठ्यांसारखीच एका सुरात त्याला घाणेरडा शब्द ऐकवत होती, आणि क्लबला ५,००० युरोचा दंड झाला. मुलांना तो शब्द शिकवायला त्या दिवशी नेहमीचे मोठे समर्थक शेजारी नव्हते. गोलकिकला हेच म्हणायचे असते, एवढे त्यांना आधीपासून पाठ होते. ताईंच्या मुलाने शब्द बदलला आणि चाल ठेवली, ते वाचताना मला हेच आठवले.

उलट बाजूचेही एक सांगतो. सप्टेंबर २०११ मध्ये इस्तंबूलला फेनेरबाह्चे क्लबच्या प्रेक्षकांना अशीच शिक्षा झाली होती, आणि केवळ स्त्रिया व बारा वर्षांखालील मुलांना प्रवेश दिला गेला. चाळीस हजारांहून अधिक आल्या. पाहुणा संघ मैदानात उतरला तेव्हा नेहमीच्या हुर्योऐवजी टाळ्या पडल्या. आवाज काही कमी नव्हता.

जुना गॅलरीवाला

पाईक, तुम्ही बहुधा माझ्या ओळखीच्या घरातले आहात, म्हणून हक्काने सांगतो. मागे एका सामन्यात मध्यंतराला एका तालमीचे सत्तरीचे ज्येष्ठ काठी टेकत गॅलरी चढून आले आणि दोन पोरांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांच्याचमध्ये बसले. बोलले काहीच नाहीत. उत्तरार्धात हलगी होती, झेंडे होते, पंचांच्या नावाने ओरडाही होता, पण आईमाई निघाली नाही. ईर्ष्या कुठे कमी पडली असे मला तरी वाटले नाही. ते ज्येष्ठ दर सामन्याला का येत नाहीत, असे विचाराल तर त्यांचे गुडघे दुखतात.

रंकाळाकाठची

सर्वांचे आभार. आम्ही गेलो होतो, म्हणून कळवते.

कडेची जागा धरायची असे ठरवले होते, पण मुलाने ते गृहस्थ लांबूनच हेरले आणि तो थेट त्यांच्यापुढे जाऊन बसला. शिट्टीच्या आधी मी म्हटले, 'मामा, आज पोरगं परत तुमच्याच पुढं बसलंय.' ते एकदम ओशाळले. 'वहिनी, तोंडाला सवयच लागलीय,' एवढे म्हणून त्यांनी पेपर पुढे केला. पूर्वार्धात त्यांनी दोन-तीनदा 'तुझ्या' असे म्हणून वाक्य अर्ध्यावर सोडले. चौथ्यांदा ते असे अडकले तेव्हा माझ्या मुलाने मागे वळून अतिशय गंभीरपणे त्यांना 'दप्तराला' असे सुचवले. आजूबाजूच्या दोन ओळी हसल्या, आणि मध्यंतरापर्यंत पाच-सहा जण पंचांच्या दप्तराचा उद्धार करत होते. रेषेवर आपण होतात का, हे मी विचारणार नाही.

सामना टायब्रेकरला, म्हणजे पेनल्टीच्या फटक्यांवर, गेला. त्या गृहस्थांच्या संघाचा चौथा फटका खांबाला लागून बाहेर आला तेव्हा मात्र दप्तर वगैरे सगळे वाहून गेले आणि पूर्वीचेच सर्व काही, पूर्वीपेक्षा मोठ्याने, ऐकावे लागले. मी मुलाचे कान झाकले. 'आई, मला ऐकू येतंय,' असे तो म्हणाला. उठताना ते गृहस्थ माझ्याकडे न बघता निघून गेले, पण जाता जाता त्याच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

अंतिम सामन्याला जायचे की नाही हे आमचे अजून ठरलेले नाही. मुलाने मात्र रद्दीतून दोन पेपर बाजूला काढून ठेवले आहेत, एक स्वतःसाठी आणि एक मागच्या पायरीसाठी.