समुद्राला भिंत घालायची की गाव मागं घ्यायचं?

सातरस्ता
आमच्या मावशीचं घर मालवणजवळ देवबागला. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मधी चिंचोळी पट्टी. मे महिन्यात गेलतो तर ज्या माडाला लहानपणी झोपाळा असायचा त्याची मुळं हवेत लोंबत होती, आणि विहिरीच्या पाण्याचा चहा ठेवला की दूध नासतंय म्हणून मावशी चहापुरतं पाणी दुसरीकडनं आणते. समोर दगडांचा बंधारा, पावसाळ्यात खचतो, मग परत दगड. माझं मत सरळ आहे, किनाऱ्यालगत नवीन बांधकाम आजपासून बंद करा, आणि वीस-तीस वर्षांत घरं हळूहळू मागं घ्या. १९०१ ते २०१८ मधी जगातला समुद्र सरासरी २० सेंमी वर आला, २००६ नंतर वेग वर्षाला ३.७ मिमी झालाय. वाढतच चाललालंय ते.

खाडीकाठ
सोलापुरात बसान आमका गाव सोडूक सांगतस? रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला माणूस किनाऱ्यावरच लागतो, होडी काय एसटी स्टँडवर लावू? बंधारा आहे म्हणून आमची पडवी उभी आहे. आणि ३.७ मिमीनं घरं पडत नसतात हो, वाळूउपसा आणि वाट्टेल तिथे घातलेल्या जेट्ट्या, त्यांच्यावर लिहा आधी.

सातरस्ता
दादा वाळू आणि जेट्टीचं शंभर टक्के मान्य. पण मिमी उभे मोजतात, सपाट पुळणीवर तेच पाणी आडवं किती आत येतं बघा, शिवाय अमावस्येचं उधाण आता त्या वाढलेल्या पातळीवरनं सुरू होतंय. आणि भिंतीवर आपटलेली लाट परत जाताना पायथ्याची वाळू घेऊन जाते, भिंत संपते तिथं शेजाऱ्याचं अंगण खाते. तुमची पडवी वाचली, पुढच्याचं काय?

बाळेकर
काय बे, हिकडं उजनी भरली तरी नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, आणि तुला मालवणची काळजी 😂

सातरस्ता
२०२५ च्या सप्टेंबरात सीना घरात शिरली तेव्हा पण आपण हेच म्हणत होतो, नंतर बघू. नदीच्या पात्रात प्लॉट पाडणारे हिकडं पण कमी नाहीत की ओ.

भीमाकाठ
मी धाग्याच्या विरोधात आहे. आमचं करमाळ्याकडचं गाव उजनीत गेलं. धरण १९८० ला पुरं झालं, बदल्यात आजोबाला मिळाली ती जमीन निव्वळ माळ, नांगर लावला की दगड वर, नव्या गावठाणात दिवाबत्ती नाही, शेजारपाजार दहा ठिकाणी फुटला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की लोक पळसदेवचं देऊळ बघायला जातात, फोटो काढतात, आमची आज्जी कधी गेली नाही तिकडं. "हळूहळू मागं घ्या" लिहायला एक ओळ लागते हो. आधी जागा दाखवा, पाणी दाखवा, मग गाव हलवायच्या गप्पा.

नकाशावाली
भीमाकाठ, पटलं. ओडिशातलं सातभाया समुद्रानं खाल्लं, लोकांना आत बागपटियाला वसवलं, घरं मिळाली पण समुद्र आणि शेत दोन्ही लांब पडलं. म्हणून मला वाटतं घर मागं, पण होड्या, जाळी, मासळी सुकवायचं खळं किनाऱ्यावरच, त्या जागेवर हक्क मच्छीमारांचा असं लिहून द्यायचं. उलट आपण काय करलालोय? २०११ च्या सीआरझेडमधे, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या केंद्राच्या नियमांत, गावांकडं भरतीरेषेपासून २०० मीटर नवीन बांधकाम नाही असं होतं, २०१९ ला दाट वस्तीच्या गावांत ते ५० वर आणलं. आणि भिंत-भिंत म्हणणाऱ्यांनी नेदरलँड बघावं, १९५३ च्या पुरात १८०० च्या वर माणसं गेली म्हणून त्यांनी अवाढव्य बांध घातले, तरी नंतर बंधारे मागं घेऊन नदीला जागा सोडावीच लागली त्यांना.

खाडीकाठ
हक्क लिहून देणार कोण? आम्ही मागे गेलो की आमच्या जागेवर रिसॉर्ट येतं, हे डोळ्यांनी बघतोय. आधी त्यांना हलवा, मग आम्ही बघू.

सातरस्ता
ह्यावर माझ्याकडं उत्तर नाही खरं सांगायचं तर. काल मावशीला फोन केलता, मावसभाऊ मालवणच्या वरच्या अंगाला दोन गुंठे बघून आलाय. भाव ऐकून गप्प बसलाय म्हणे, आजूबाजूची जागा हॉटेलवाल्यांनी आधीच घेऊन ठेवलीय.