बी.ए. इतिहास करून प्रयोगशाळेत जाता येतं का?

प्रवराकाठ:
संगमनेरला टी.वाय.बी.ए.ला आहे, स्पेशल इतिहास. दहावीला गणितात ९१ होते, पण सायन्सचे क्लास परवडणार नव्हते म्हणून आर्ट्स घेतलं. आता संशोधन करावंसं वाटतं, पण दप्तरखान्यातलं नाही. सूक्ष्मदर्शक, नमुने, मोजमाप असलं काहीतरी. मामा म्हणतो, गाडी गेली. खरंच गेली का?

शंकेखोर:
गेली. एम.एस्सी.ला बी.ए. चालत नाही. बी.एड. कर, नाहीतर एमपीएससीचा फॉर्म भर.

जळका सातू:
एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राचं म्हणाल तर शंकेखोर बरोबर आहेत, ते दार बंद. मी बाजूच्या दाराने आले. बी.ए. संस्कृत, मग पुण्याला डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एम.ए. तिथे कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो.

आज माझं काम म्हणजे हजारो वर्षांपूर्वीचे जळलेले दाणे ओळखणं. उत्खननातली माती पाण्यात सोडायची, कोळसा झालेले दाणे वर तरंगतात, ते बारीक चाळणीत धरायचे, सावलीत वाळवायचे. मग सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशाने एकेक दाणा बाजूला. पहिल्या महिन्यात मी उंदराची लेंडी दोनदा धान्य म्हणून नोंदवली होती.

काळ ठरवायला जळलेला दाणा लाकडाच्या कोळशापेक्षा मोलाचा. लाकूड शंभर वर्षं जुन्या झाडाच्या गाभ्यातलं असू शकतं, त्यामुळे कार्बन-१४ ची (अवशेषात उरलेला किरणोत्सारी कार्बन मोजून काढलेली) तारीख मागे सरकते. दाणा एका हंगामाचा असतो. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला ताम्रपाषाणयुगातल्या लोकांचं मुख्य पीक सातू होतं, हे अशाच दाण्यांवरून कळलं. बी.ए.ला मी ‘यव’ म्हणजे सातू हा शब्द घोकला होता. सातूचा दाणा हातात घेतला तो पंचविसाव्या वर्षी!

त्रास सांगते. संख्याशास्त्र शून्यातून शिकले, दोन वर्षं गेली. एका प्रयोगशाळेत ‘आर्ट्सवाल्यांनी काचसामानाला हात लावू नये’ हे माझ्यासमोरच म्हणाले. नेट (प्राध्यापकी आणि संशोधनासाठीची राष्ट्रीय परीक्षा) पुरातत्त्वातही देता येते, जेआरएफ (तिच्यातून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर घरी पैसे मागावे लागत नाहीत. पण पक्क्या जागा मोजक्या. पहिली पाच वर्षं मी प्रकल्पांवरच काढली.

पेठेतला काका:
इरावतीबाई कर्व्यांना विसरलात. फर्ग्युसनमधून १९२६ साली बी.ए., विषय तत्त्वज्ञान. पुढे बर्लिनला जाऊन माणसांच्या कवट्या मोजल्या, डावी-उजवी बाजू किती वेगळी ते पाहिलं, आणि १९३० साली डॉक्टरेट. नंतर त्याही डेक्कन कॉलेजातच. मराठी वाचकाला त्या ललित लेखिका म्हणून ठाऊक, कवट्यांचं कुणी बोलत नाही.

शंकेखोर:
काका, बर्लिनचं उदाहरण संगमनेरच्या पोराला काय कामाचं?

जळका सातू:
मग संगमनेरचंच देते. जवळच जोर्वे आहे ना? १९५०-५१ साली तिथे उत्खनन झालं. लाल भांडी, त्यावर काळी नक्षी, काहींना तोटी. तशी भांडी महाराष्ट्रात ठिकठिकाणी सापडतात आणि सगळीकडे त्यांना ‘जोर्वे’च म्हणतात. ते खणणारे पुरातत्त्वज्ञ सांकलिया मूळचे संस्कृतचेच विद्यार्थी.

प्रवराकाठ:
ताई, मामाचं शेत जोर्व्यातच आहे! आम्ही तिथे क्रिकेट खेळतो आणि मला हे माहीत नव्हतं. निकालापर्यंत काय करू?

जळका सातू:
गहू, सातू, कुळीथ, मसूर आणा. प्रत्येकाचे वीस-वीस दाणे मोजून घ्या, लांबी-रुंदी लिहा. फॉइलमध्ये वेगवेगळे गुंडाळून मामाच्या चुलीतल्या निखाऱ्यांत ठेवा. गार झाल्यावर परत मोजा. गहू आखूड आणि फुगीर होतो, बाकीच्यांचं तुम्हीच बघून इथे लिहा. राख झाले तर वेळ कमी करा. माझे पहिल्यांदा सगळे राख झाले होते.