शोपेनहाउअर: या जर्मन आडनावाचा अर्थ काय, आणि ते आज कुठे शोधायचं?

गोदातीर

तत्त्वज्ञ आर्थर शोपेनहाउअर यांच्यावर टिपण लिहायला घेतलं आहे आणि आडनावापाशीच गाडी अडली आहे. तीन अर्थ वाचनात आले. पहिला, 'शॉपन' हे दारूचं माप, म्हणून मद्य मोजून विकणारा. दुसरा, 'शाप' म्हणजे मेंढी, म्हणून मेंढ्या कापणारा खाटीक. तिसरा अर्थ नव्हेच, दावा आहे: घराणं मुळात डच होतं. यातलं काय टिकतं?

शिवाय हे आडनाव आज किती प्रचलित आहे हे कसं काढायचं? आडनावांचे नकाशे दाखवणाऱ्या साइटवरून मूळ गाव ठरवता येतं का? आणि मराठीत 'शोपेनहॉवर' लिहायचं की आणखी काही?

वाकस

आधी अर्थ. हे धंद्यावरून पडलेलं आडनाव आहे आणि ते उत्तरेकडच्या सखल जर्मनमधलं आहे. मध्ययुगीन सखल जर्मनमध्ये 'शोपे' म्हणजे लांब दांड्याचं, खोलगट, लाकडी ओगराळं. 'होवर' म्हणजे लाकूड तासणारा. तेव्हा शोपेनहाउअर म्हणजे लाकडी ओगराळी तासून बनवणारा कारागीर. इंग्रजीतला 'स्कूप' याच शोपेवरून आला आहे.

ओगराळं म्हटल्यावर आमटीचं डोळ्यांसमोर आणू नका. बिअर गाळणाऱ्यांना, रंगाऱ्यांना मोठ्या काहिलीतून पातळ पदार्थ उपसायला हे साधन लागे. होडीत साचलेलं पाणीही असल्याच साधनाने बाहेर टाकत. बंदरांच्या गावांत त्याला सतत मागणी असणार.

'तासणारा' हा शब्द इथे नेमका आहे. गोल वाडगा चरकावर, म्हणजे लाकूड फिरवत कापायच्या यंत्रावर, काढता येतो. ते काम करणाऱ्याचं आडनाव उत्तरेत 'ड्रायर' होतं. पण शोपेचा दांडा वाटीला कोनात जोडलेला असतो, आणि असली वस्तू चरकावर फिरतच नाही. ती एकाच ओंडक्यातून वाकसाने, म्हणजे सुताराच्या तासणीने, तासून काढावी लागते. ओंडका आधी उभा चिरून मधला गाभा वगळावा लागतो, नाहीतर लाकूड वाळताना वाटीच्या बुडाशीच तडा जातो. म्हणून चरकवाला वेगळा आणि तासणारा वेगळा, आणि आडनावंही वेगळी.

या वळणाची आणखी नावं पाहिली की शंका राहत नाही. 'मोल्डनहाउअर' म्हणजे लाकडी परात किंवा कुंडं तासणारा. हे उत्तरेत आजही बऱ्यापैकी आढळतं. 'श्टाइनहाउअर' म्हणजे पाथरवट. पहिला शब्द वस्तूचा किंवा मालाचा, दुसरा तासणाऱ्याचा. मोल्डनहाउअर आणि शोपेनहाउअर ही सख्खी भावंडं आहेत. मधला 'न' सुद्धा दोघांत सारखाच बसला आहे.

आता शॉपनचं माप. उच्चार पाहा: आडनावात 'शो' दीर्घ आहे आणि 'प' एकच. मापाच्या शब्दात 'शॉ' ऱ्हस्व आणि 'प' जोड. त्यामुळे आडनाव मापावरून आलेलं नाही. मात्र गंमत अशी की माप स्वतः शोपेवरूनच आलं आहे. सखल जर्मन शोपे फ्रेंचमध्ये जाऊन 'शोपिन' झालं आणि तिथून परत जर्मनमध्ये 'शॉपन' होऊन आलं. म्हणजे दोघं चुलत नात्यातले आहेत, पण त्यांच्यात बापलेकाचं नातं लावायचं नाही.

'प' हाच इथला मोठा पुरावा आहे. दक्षिणेकडच्या उच्च जर्मनमध्ये जुन्या 'प'चा 'प्फ' किंवा 'फ' झाला. उत्तरेत तो तसाच राहिला. उत्तरेचं 'आपेल' दक्षिणेत 'आप्फेल', उत्तरेचं 'ओपन' दक्षिणेत 'ऑफन'. उपसणे या अर्थाचा उच्च जर्मन शब्द 'श्योप्फेन' आहे, त्यात 'प्फ' आलाच. आडनावात 'प' टिकला, म्हणजे ते उत्तरेतच घडलं. दुसरा अर्धा मात्र पुढे 'होवर'चा 'हाउअर' झाला, कारण कचेरीची आणि चर्चची भाषा हळूहळू उच्च जर्मन झाली. अर्धं जुनं अर्धं नवं असं हे नाव आहे आणि ते फार सुंदर आहे.

मराठीत 'शोपेनहाउअर' लिहा. 'हॉवर' नको, तिथे 'आउ' आहे.

गोदातीर

प्रतिसादासाठी मनापासून आभार. पण मेंढीचं काय? उत्तरेत खाटकाला 'क्नोखनहाउअर' म्हणत ना? मग मेंढ्या कापणारा का नको?

वाकस

प्रश्न रास्त आहे. सखल जर्मनमध्ये मेंढीला 'शाप' म्हणतात आणि काही बोलींत तो 'आ' ओठ गोल करून 'ऑ'कडे झुकतो. त्यामुळे कानाला जवळ वाटतं. पण क्नोखनहाउअर म्हणजे हाडं तोडणारा आणि 'फ्लाइशहाउअर' म्हणजे मांस तोडणारा. खाटकाच्या या नावांत कुऱ्हाडीखाली काय येतं ते सांगितलं आहे, जनावराचं नाव नाही. मोल्डनहाउअर शेजारी असताना मेंढीकडे जायचं कारणच उरत नाही.

डच दाव्याबद्दल: डचमध्येही पाथरवटाला 'स्टेनहाउअर' म्हणतात, शेवटचा भाग सखल जर्मनसारखाच. दोन्ही भाषा एकमेकींच्या शेजारणी, त्यामुळे नुसत्या शब्दाच्या घडणीवरून डच की जर्मन हे ठरत नाही. तिथे कागदच पाहावे लागतात. आर्थर यांच्या वडिलांची आई, आना रेनाटा, ही सोर्मन्स या डच कुटुंबातली होती. डच रक्त आहे ते तिच्याकडून. म्हणून आडनाव डच, असं म्हणता येत नाही.

नोंदवही

आता प्रसार. इथे सर्वाधिक चुका होतात, म्हणून सविस्तर लिहितो.

नकाशाच्या साइट आणि जर्मन आडनावांचा मोठा नकाशासंग्रह बहुतेक लँडलाइनच्या यादीवर उभे आहेत. नकाशासंग्रहासाठी २००५ मधल्या सुमारे २ कोटी ८० लाख घरगुती जोडण्या घेतल्या होत्या. लोकसंख्या तेव्हा ८ कोटी २० लाखांच्या आसपास, म्हणजे एका जोडणीमागे जेमतेम तीन माणसं. म्युलर किंवा श्मिटसारखं सर्रास आढळणारं आडनाव असेल तर हा गुणाकार चालतो. दुर्मीळ नावाला चालत नाही. १२ जोडण्या सापडल्या म्हणून ३५ माणसं म्हणायचं नाही. एका घरात एकटी आजी असेल, दुसऱ्यात पाच जण. शिवाय जोडणी एकाच्याच नावावर असते आणि तो बहुधा नवरा असतो. आकडा सांगायचा तर '२००५ मध्ये इतक्या जोडण्या' एवढंच लिहा.

दुसरा सापळा रंगांचा. साइटवर दोन नकाशे असतात: एक नुसत्या संख्येचा, एक दर दहा लाखांमागे किती याचा. संख्येच्या नकाशात बर्लिन आणि हाम्बुर्ग नेहमीच गडद दिसतात, कारण तिथे माणसंच जास्त. दुसरा नकाशा मोठ्या नावांना चांगला, पण दुर्मीळ नावांना फसवतो. समजा ६० हजार वस्तीच्या जिल्ह्यात एकच जोडणी आहे. ती दहा लाखांमागे जवळजवळ १७ होते. १७ लाखांच्या हाम्बुर्गमध्ये सहा असतील तर साडेतीन. नकाशावर तो जिल्हा लालभडक आणि हाम्बुर्ग फिकं. प्रत्यक्षात तिथे एक कुटुंब बदलीवर गेलेलं असू शकतं. दोन्ही नकाशे शेजारी ठेवून पाहावेत, आणि आकडा दोन अंकांच्या आत असेल तर रंगाकडे लक्षच देऊ नये.

तिसरी गोष्ट या नावापुरती सर्वांत मोठी. तत्त्वज्ञांचं घराणं डान्झिगचं, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्कचं. १९४५ नंतर तिथली जर्मन वस्ती हाकलली गेली आणि माणसं उत्तर व पश्चिम जर्मनीत जिथे जागा मिळाली तिथे पांगली. आजच्या जर्मनीच्या नकाशावर डान्झिग नाहीच. त्यामुळे तिथल्या नावाचे ठिपके विखुरलेले दिसतात आणि त्यांचा मध्य काढून मूळ गाव शोधलं की हमखास चुकतं. पूर्वेकडच्या सगळ्या नावांना हा नियम लावा.

म्हणून १९४५ च्या मागे जायचं. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यापासून १९१९ पर्यंत जर्मनीने जखमी, मृत, बेपत्ता सैनिकांच्या याद्या छापल्या. साधारण ३१ हजार पानं आहेत, आणि जर्मनीतल्या संगणक-वंशशास्त्र मंडळाच्या स्वयंसेवकांनी त्यांची शोधता येईल अशी सूची केली आहे. सैनिकाच्या नावापुढे बहुधा जन्मगाव असतं. डान्झिग तेव्हा प्रशिया या जर्मन साम्राज्यातल्या राज्यात होतं, म्हणून तिथले लोकही यात आहेत. दुर्मीळ आडनावाची १९४५ पूर्वीची भौगोलिक वस्ती पाहायला इतकं चांगलं साधन दुसरं नाही. बायका, मुलं, म्हातारे त्यात नाहीत, हे ध्यानात ठेवावं.

त्याही मागे जायचं तर प्रशियात नागरी जन्म-मृत्यू-विवाह नोंद १ ऑक्टोबर १८७४ पासून, उरलेल्या साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून. त्याआधी चर्चच्या वह्या. आर्थर यांचा जन्म २२ फेब्रुवारी १७८८ चा, बाप्तिस्मा ३ मार्चला डान्झिगच्या मारिएनकिर्खे या चर्चमध्ये. डान्झिगचे जुने कागद ग्दान्स्कच्या राज्य अभिलेखागारात आहेत आणि पोलिश अभिलेखागारांच्या सामाईक पोर्टलवर बरेच स्कॅन फुकट पाहता येतात. पोलंडमध्ये जन्माची नोंद १०० वर्षांनी खुली होते, विवाह आणि मृत्यूची ८० वर्षांनी. जर्मनीत जन्म ११०, विवाह ८०, मृत्यू ३० वर्षं.

गावांची नावं दोन्ही भाषांत लिहून ठेवा. ओरा म्हणजे आजचं ओरुनिया, श्टुटहोफ म्हणजे श्टुतोवो. जन्मघराचा रस्ता हायलिगेगाइस्टगासे, त्याचं पोलिश नाव 'श्फ्येंतेगो दुखा'. दोन्हींचा अर्थ पवित्र आत्मा.

लपेट

वर सगळं बरोबर आहे, पण शोध नुसत्या एका स्पेलिंगवर चालवू नका. निम्मे लोक इथेच हात टेकतात.

जुन्या जर्मन लपेटीत, म्हणजे कुरेंट लिपीत, 'ई', 'एन' आणि 'यू' ही तिन्ही अक्षरं खालीवर जाणाऱ्या दोन काड्यांची असतात. 'ई'च्या काड्या अगदी चिकटलेल्या, 'एन'च्या जरा लांब, आणि 'यू'वर एक छोटी कमान काढतात, ती त्याला 'एन'पासून वेगळं ओळखता यावं म्हणूनच. आता शोपेनहाउअर पाहा: 'पी'नंतर लगेच 'ई' आणि 'एन', म्हणजे सलग चार काड्या. पुढे 'ए'नंतर 'यू' आणि परत 'ई'. कारकुनाने घाईत कमान टाकली नाही की सूची करणारा 'हाउअर'चं 'हानर' करतो. तेव्हा या दोन जागी काहीही अक्षर चालेल अशी खूण देऊन शोधा.

'पी' एक आणि दोन, दोन्ही घालून पाहा. नोंदणाऱ्याने कानाला येईल तसं लिहिलेलं असतं. 'यू'च्या जागी 'डब्ल्यू' असलेलं जुनं रूपही घाला. पोलिश कागदांत सुरुवातीचा 'श' 'एस-झेड'ने येतो: शोपेनहाउअर 'एस-झेड-ओ-पी' ने सुरू होईल. तिथे पोलिश 'शोपेन' हे निराळं प्रकरण मिसळू देऊ नका, ते संगीतकार शोपँ यांच्या नावाचं पोलिश लेखन आहे.

१८ व्या शतकातल्या वह्यांत बाईच्या आडनावाला 'इन' लागतं: शोपेनहाउअरिन. तसं शोधलं नाही तर घरातल्या सगळ्या लेकी आणि सुना निसटतात. आणि 'गेब.' हे लघुरूप दिसलं की थांबा. ते 'गेबोरेने', म्हणजे माहेरचं नाव. आर्थर यांच्या आई योहाना, माहेरच्या ट्रोझिनर. दुर्मीळ आडनाव बऱ्याचदा फक्त या माहेरच्या रकान्यात जिवंत असतं, कारण त्या शाखेत मुलगे उरलेले नसतात.

गोदातीर

म्हणजे आज हे आडनाव लावणारे तत्त्वज्ञांचे वंशज असतील का?

नोंदवही

थेट वंशज नाहीत. आर्थर अविवाहित होते, १८६० मध्ये फ्रांकफुर्टला वारले. बहीण आडेले हिचाही विवाह झाला नाही, ती १८४९ मध्ये बॉनला गेली. भावंडं दोघंच, त्यामुळे वडील हाइनरिख फ्लोरिस यांची शाखा नावासकट तिथे संपली. आज कुणी हे आडनाव लावत असेल तर तो फार तर बाजूच्या शाखेचा. किंवा ज्याचा पूर्वज दुसऱ्याच गावात ओगराळी तासत होता असा. धंद्याची नावं एकाच माणसापासून सुरू व्हावी लागत नाहीत. दोन गावांत दोन कारागिरांना स्वतंत्रपणे पडू शकतात. म्हणून आडनाव सारखं म्हणजे रक्त सारखं, हे कागदावर जोडणी दिसेपर्यंत लिहू नका.

दुर्मीळ का झालं, याचंही उत्तर यातच आहे. लोहार आणि पिठाच्या चक्कीवाला गावोगाव लागे, म्हणून श्मिट आणि म्युलर लाखांनी आहेत. ओगराळी तासणारा शहरात एखाददुसरा. मुळात थोडी घरं, त्यात लग्नानंतर नाव बहुधा नवऱ्याचंच. जर्मनीत जोडप्याला आपापलं आडनाव सर्रास ठेवायची मुभा १९९४ पासून आली, आणि दोघांचं मिळून जोडआडनाव लावायची १ मे २०२५ पासून. तोवर कित्येक नावं संपून गेली.

टिपणात एवढं लिहिलंत तर चालेल: सखल जर्मन धंदानाम, अर्थ लाकडी ओगराळी तासणारा, घराणं डान्झिगचं, आजी डच. संख्या द्यायची असेल तर युद्धयादीतल्या नोंदी जन्मगावानुसार मोजा, स्पेलिंगचे सगळे प्रकार धरून, आणि एकच सैनिक दोनदा जखमी होऊन दोनदा छापला गेलाय का ते तपासून.