शब्दचर्चा: ओठावर 'कोळी मुतला' की 'नागीण' आली?

प्रश्न (परभणी): ओठाच्या कडेला बारीक पुटकुळ्यांचा घोस उठला की आमच्याकडं कुणी 'कोळी मुतला' म्हणतं, कुणी 'नागीण', तर कुणी 'ताप बाहेर पडला'. बरोबर कोणतं?

उत्तर: 'नागीण' तेवढं म्हणू नका. नागीण कांजिण्यांच्या विषाणूची, आणि ती अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यानं उठते. ओठावरचा हा प्रकार हर्पिस सिम्प्लेक्स नावाच्या दुसऱ्या विषाणूचा. विषाणूंचं कुळ एक, पण आजार वेगळा. बिचाऱ्या कोळ्याचा तर काहीच संबंध नाही. 'ताप बाहेर पडला' हे निम्मं खरं आहे. हा विषाणू बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरतो आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत दडून बसतो. ताप, जागरण, पाळी, कडक ऊन यांनी तो पुन्हा जागा होतो. आपल्याकडं मे महिन्यात रानातून आल्यावर ओठ उठतो, तो यामुळंच.

दुसरं उत्तर (लातूर): मला यातला सगळ्यात मोलाचा शब्द 'चुणचुण' वाटतो. 'व्हट चुणचुण करायलाय' असं माणूस म्हणतो तेव्हा वर काहीच दिसत नसतं, पण असायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाचं मलम सुरू करायची खरी वेळ तीच. एक-दोन दिवसांत पुटकुळ्या भरतात, मग फुटून लस वाहते. याला लोक लगेच 'चिघळलं' म्हणतात, ते चूक. चिघळणं म्हणजे पू होणं, आणि ही लस पाण्यासारखी पातळ असते. पुढं पिवळसर खपली धरते. हसताना, भाकरीचा घास घेताना ती तडकते आणि रक्त येतं. तरी नखानं काढू नये. साधारण 7 ते 10 दिवसांत ती आपोआप गळते, व्रणही राहत नाही.

प्रश्नकर्ता: मग 'तोंड आलं' म्हणायला हरकत?

उत्तर: आहे. तोंड येणं म्हणजे गालाच्या, जिभेच्या आतली फोडं. ती एकाची दुसऱ्याला लागत नाहीत, ही लागतात. लस वाहते तेव्हा तर सर्वांत जास्त. 'कोळी मुतला' म्हटलं की लागणीचा विचारच कुणाच्या मनात येत नाही, आणि मला काळजी वाटते ती याची. बारशाला गेलेली माणसं तशाच ओठांनी तान्ह्या बाळाचा मुका घेतात. महिन्याच्या आतल्या बाळाच्या हा विषाणू जिवावर बेतू शकतो. नाव काहीही घ्या, पण खपली पडून कातडी कोरी होईपर्यंत मुका नको, उष्टा पेला नको, टॉवेलही वेगळा ठेवा. डोळा लाल होऊन दुखायला लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडं जा.