झाकलेल्या ग्लासातली रेड मस्कडाइन कशी ओळखावी? सल्ला हवा

कॅरोलिनाकर: आम्ही नॉर्थ कॅरोलिनात राहतो. आमच्या टेस्टिंग ग्रुपमध्ये स्थानिक वाइन बाटली झाकून ओततात. शिराझ, कॅबर्ने मला ओळखू येतात, पण रेड मस्कडाइन आणि कॉन्कर्ड या दोन अमेरिकी द्राक्षांच्या वाइनमध्ये दर वेळी अडते. दोन्ही गोड, दोन्हींना जॅमसारखा वास. नेमकं काय बघू? आणि द्राक्षाची जात विचारली तर कोणती सांगू?

द्राक्षबाग: ताई, आधी गोडवा विसरा. मस्कडाइनमध्ये साखर कमी भरते म्हणून आंबवताना बहुधा वरून घालतात, आणि शेवटी गोड किती ठेवायची ते वाइनरी ठरवते. त्यावरून द्राक्ष कळत नाही.

नाकाने सुरुवात करा. बंगलोर ब्लू द्राक्षं खाल्ली असतील ना? तो जो दाट, जिभेवर रेंगाळणारा वास, तोच कॉन्कर्डचा, कारण दोघांत लाब्रुस्का या अमेरिकी द्राक्षाचा वंश आहे. मस्कडाइनचं कूळच निराळं, व्हिटिस रोटुंडिफोलिया. गुणसूत्रंसुद्धा ४०, युरोपीय द्राक्षांची ३८. तिच्यात मला गुलाबाकडे झुकणारा फुलांचा वास आणि शिजवलेली स्ट्रॉबेरी जाणवते.

मग ग्लास तिरका करून पांढऱ्या कागदावर कड बघा. मस्कडाइनमधली लाल रंगद्रव्यं डायग्लुकोसाइड प्रकारची असतात, ती नीट स्थिरावत नाहीत, त्यामुळे वाइन फारशी जुनी नसतानाही कडेला विटकरी झाक येते. जात सांगायची तर नोबल म्हणा. रंग त्यातल्या त्यात टिकतो म्हणून लाल वाइनला तिचाच वापर जास्त. कार्लोस, मॅग्नोलिया, स्कपरनाँग ही फिकट, कांस्य रंगाची मंडळी, त्यांची नावं लालच्या वेळी घेऊ नका.

नाशिकचा_सतीश: भर घालतो. गोड नसलेली, काळपट आणि आंबट लाल वाइन आली तर नॉर्टनचा विचार करा. तीही अमेरिकी, पण कॉन्कर्डचा वास तिच्यात नाही. मस्कडाइनची साल जाड, त्यामुळे घोट गेल्यावर कडसर तुरटपणा मागे राहतो.

कॅरोलिनाकर: वा, कडेचं तर कधी लक्षातच घेतलं नव्हतं! तळाशी बारीक गाळ दिसतो, तो पण खूण मानू का?

द्राक्षबाग: आधाराला चालेल. मस्कडाइनमध्ये एलॅजिक आम्ल भरपूर, ते बाटलीत खाली बसतं. पण गाळ इतर वाइनलाही येतो, तेव्हा निकाल नाकावरच द्या. पुढच्या बैठकीआधी नोबल, कॉन्कर्ड आणि नॉर्टन शेजारी शेजारी ओता, फार गार करू नका आणि चव घेण्याआधी तिन्हींचा नुसता वास घ्या.